फाटक नाही, पाटी हवी

पहिला दिवस, शनिवार

बर्लिनचा विमानतळ बर्लिनमध्ये नाही. तो शहराची वेस ओलांडून शेजारच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात आहे. ठरलेल्या वेळेपेक्षा नऊ वर्षं उशिरा, ३१ ऑक्टोबर २०२० ला तो एकदाचा सुरू झाला. जर्मन शिस्तीबद्दल इतकं ऐकून आलेल्या माणसाला ही माहिती पहिल्याच दिवशी मिळावी, म्हणजे पुढे फार धक्के बसत नाहीत.

मी नोकरीसाठी आले होते. २०२५ च्या ऑगस्टमधला शेवटचा शनिवार, संध्याकाळची वेळ, दोन मोठ्या बॅगा आणि कागदावर लिहून घेतलेला पत्ता. स्टेशन टर्मिनलच्या पोटातच आहे. सरकता जिना उतरले तो थेट फलाटावर. मध्ये फाटक नाही, फिरता दांडा नाही, तिकीट बघणारा माणूस नाही. काहीतरी चुकलं असं वाटून मी पुन्हा वर जाऊन आले. काही चुकलं नव्हतं. बर्लिनच्या कुठल्याही स्टेशनवर फाटक नसतं.

तिकिटाच्या यंत्रावर अ, ब, क असे तीन पट्टे दिसतात. शहराभोवती रेल्वेचं एक कडं आहे. कड्याच्या आतला तो अ, कड्यापासून शहराच्या हद्दीपर्यंत ब आणि हद्दीपलीकडे क. विमानतळ क मध्ये, म्हणून तिन्ही पट्ट्यांचं तिकीट लागतं, २०२५ मध्ये ते ४ युरो ७० सेंटांना होतं. नवखा माणूस घाईत दोनच पट्ट्यांचं घेतो आणि फसतो. मी नीट वाचून तीन पट्ट्यांचं घेतलं, पाकिटात जपून ठेवलं आणि स्वतःवर खूश होऊन एस-नऊ गाडीत बसले. फ्रीडरिखश्ट्रासेला उतरून भुयारी गाडी ऊ-सहा धरली आणि लिओपोल्डप्लात्सला बाहेर आले.

वस्तीचं नाव वेडिंग. स्पेलिंग इंग्रजीतल्या लग्नासारखंच.

इमारतीच्या दाराशी बारा घंट्या होत्या आणि प्रत्येकीवर फक्त आडनाव. घराचा क्रमांक नाही, मजला नाही. माझ्या कागदावर रस्ता होता, इमारतीचा क्रमांक होता, पिनकोड होता. घरमालकीणबाईंचं आडनाव मात्र मी लिहून घेतलं नव्हतं. ते होतं फोनमध्ये, ईमेलमध्ये, आणि इथे इंटरनेट नव्हतं. पंधरा मिनिटं दारात उभी राहिले. शेवटी कुत्रा फिरवून परतलेल्या एका आजोबांनी दार उघडलं. भारतातून कोण येणार आहे हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

दुसरा दिवस, रविवार

रविवारी इथे दुकानं बंद. मोठ्या स्टेशनांतली काही आणि विमानतळावरची सोडली तर जवळपास सगळी. म्हणजे सिमकार्ड सोमवारीच. म्हणून ताईशी, म्हणजे पाच वर्षांपासून इथे असलेल्या माझ्या मावसबहिणीशी, आधीच ठरवून ठेवलं होतं, की अकरा वाजता वेडिंग स्टेशनच्या वरच्या फलाटावर भेटायचं. फोन नसताना भेटीची जागा आणि वेळ ठरवायची, आणि मग खरोखर तिथे उभं राहायचं, याची सवयच गेली आहे. मी साडेदहापासून उभी होते.

ताईने आल्या आल्या कालचं तिकीट मागितलं. उलटंपालटं करून पाहिलं आणि हसायला लागली. "अगं, यावर शिक्का कुठे आहे?"

फलाटावर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक छोटी पेटी असते. कागदी तिकीट तिच्या फटीत घातलं की खट्ट करून तारीख-वेळ उमटते आणि तिथून तिकीट चालू होतं. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. दंड ६० युरो. तपासनीस बरेचदा साध्या कपड्यांत असतात. शेजारी बसलेला तरुण अचानक उठून खिशातून ओळखपत्र काढतो आणि म्हणतो, "तिकिटं दाखवा." विनातिकीट प्रवासाला जर्मनमध्ये शब्दच आहे, श्वार्त्सफारेन, काळा प्रवास. तो फौजदारी गुन्हा आहे, दंडविधानाचं कलम २६५ अ. हे कलम १९३५ सालचं आहे, आणि कोर्टाने केलेला दंड न भरणाऱ्याला आजही तुरुंगात जावं लागू शकतं. फाटक नसण्याचा अर्थ मला त्या फलाटावर नीट कळला.

"आणि हे फोनचं लक्षात ठेव," ताई म्हणाली. "११२ हा आणीबाणीचा क्रमांक. पण सिम नसलेल्या फोनवरून इथे तो लागत नाही." २००९ पर्यंत लागायचा. गंमत म्हणून फोन करणारे इतके वाढले, की सिमशिवायचा रस्ताच बंद केला. म्हणजे काल संध्याकाळपासून मी खिशात जे काही बाळगून हिंडत होते ते घड्याळ होतं.

दिवसभराचं काम नव्हतं, म्हणून कड्यावरून फिरलो. एस-४१ घड्याळाच्या दिशेने जाते, एस-४२ उलट. ३७ किलोमीटर, २७ स्टेशनं, तासाभरात माणूस निघाला तिथेच परत. नव्या माणसाने शहर बघायची ही सगळ्यांत स्वस्त रीत. गोदामं, कालवा, बागेच्या चिमुकल्या वाड्या, परत गोदामं. १९६१ मध्ये भिंत आली तेव्हा हे कडं दोन ठिकाणी तुटलं. ते पूर्ण जुळायला २००२ चा जून उजाडला, आणि शेवटचा सांधा जुळला तो आमच्या वेडिंगपाशी. 'वेडिंग डे' असा विनोद तेव्हा झाला होता म्हणे. न झाला असता तरच नवल.

येताना ऊ-सहाने आलो. ही गाडी वेडिंगहून दक्षिणेला जाते त्या वाटेवरची सहा स्टेशनं भिंतीच्या काळात पूर्व बर्लिनच्या जमिनीखाली होती. अठ्ठावीस वर्षं पश्चिमेच्या गाड्या त्या स्टेशनांतून न थांबता, वेग कमी करून जात. मिणमिणते दिवे, फलाटावर बंदूकधारी शिपाई. लोक त्यांना भुताची स्टेशनं म्हणत. गाडी फक्त फ्रीडरिखश्ट्रासेला थांबायची, कारण तिथे सरहद्दीचं नाकं होतं. कालच मी तिथून दोन बॅगा ओढत आले आणि माझं सगळं लक्ष जिना कुठे आहे याच्याकडे होतं.

तिसरा दिवस, सोमवार

आता वेडिंगचं मराठी सांगते. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण कुणीतरी इथे राहून गेलेल्या माणसाने रचली असावी. महिन्याचा पास हवा तर बहुतेक ठिकाणी बँकखातं लागतं. बँकखात्याला फोन नंबर आणि पत्ता लागतो. पत्ता सरकारदरबारी नोंदवायला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. आणि यांतली निम्मी कामं पोस्टाने येणाऱ्या पत्रांवर चालतात, ज्यासाठी पत्रपेटीवर नाव लागतं.

सुरुवात सिमपासून केली. सिम सुपरमार्केटमध्येही मिळतं, दुधाच्या पिशवीसारखं उचलून आणायचं. पण जुलै २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही. ओळख पटवायची सहसा दोन रीतींनी: व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवून, नाहीतर पोस्टात जाऊन. मी घरमालकीणबाईंच्या वायफायवर (त्याला इथे 'वेलान' म्हणायचं, वायफाय म्हटलं तरी कळतं) तीनदा व्हिडिओ कॉल केला. पासपोर्ट तिरका धरा, सरळ धरा, बोट काढा, दिवा मालवा. तिसऱ्या वेळी पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं की जमत नाही. कंपनीचं नाव घेत नाही. बाकीच्यांकडेही असंच होतं, असं ताई म्हणते.

मग फॉर्म घेऊन पोस्टात. रांग वीस मिनिटं, काम तीन मिनिटं. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्टचा क्रमांक टाइप केला, माझी सही घेतली, संपलं. संध्याकाळी फोन जिवंत झाला. २०१३ मध्ये तेव्हाच्या चान्सलर आंगेला मेर्केल भर पत्रकार परिषदेत म्हणाल्या होत्या की इंटरनेट हा आपल्या सगळ्यांसाठी नवा मुलूख आहे. साऱ्या देशाने त्यांची टर उडवली. पण मला त्या पोस्टाच्या खिडकीशी त्यांच्याबद्दल जरा आपुलकी वाटली.

मोबाइलला इथे 'हँडी' म्हणतात. शब्द इंग्रजी वाटतो, पण इंग्रज माणसाला कळत नाही.

पासचं काम त्या मानाने सोपं निघालं. एका शहराच्या वाहतूकसेवेच्या अ‍ॅपवर माझं क्रेडिट कार्ड चाललं. डॉइचलांडटिकेट नावाचा हा पास मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ मध्ये तो ५८ युरोंना होता. त्यावर देशभरातल्या शहरी बस, ट्राम, भुयारी गाड्या आणि प्रादेशिक रेल्वे महिनाभर चालतात. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या मात्र नाहीत. पास पहिल्या तारखेपासून महिनाअखेरीपर्यंत धरला जातो, आणि दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा तर आधीच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवायचं. ही १० तारीख विसरून एका महिन्याचे पैसे फुकट घालवणं हा जवळपास प्रत्येक नवख्याचा संस्कार आहे. नशिबाने त्या दिवशी १ सप्टेंबर होता, म्हणून माझे पैसे पुरेपूर वसूल झाले. शिवाय त्यावर शिक्का मारावा लागत नाही.

चौथा दिवस, मंगळवार

घरमालकीणबाईंनी नोंदणीच्या पत्रावर सही करायला "हाल्ब आख्ट" ला बोलावलं होतं. हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. मी साडेआठला दार वाजवलं. बाई झोपायचा गाऊन घालून आल्या. त्या साडेसातपासून कागद टेबलावर मांडून बसल्या होत्या आणि आता आवरून झोपायच्या बेतात होत्या. हाल्ब आख्ट म्हणजे आठाच्या दिशेने अर्धा झालेला तास, म्हणजे साडेसात. बर्लिनमधली जुनी माणसं याच हिशेबाने सव्वासाताला 'पाव आठ' आणि पावणेआठाला 'पाऊण आठ' म्हणतात. पाऊण आणि सव्वा ज्यांच्या भाषेत आहेत त्यांनी तरी इथे चुकायला नको होतं.

आकड्यांनी मात्र मला तारलं. जर्मनमध्ये २५ म्हणजे 'पाच आणि वीस'. आमच्या ऑफिसातले इंग्रजी बोलणारे लोक यावर वैतागतात, फोन नंबर लिहून घेताना त्यांचे आकडे उलटे पडतात. मराठी कानाला यात नवं काय? पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, सगळीकडे आधी एकक. एकोणतीसपुरता आपण घोळ घालतो, ते घालत नाहीत, एवढंच. फोनवर दोनला 'त्स्वाय' न म्हणता 'त्स्वो' म्हणतात, कारण 'त्स्वाय' आणि तीनचा 'द्राय' खरखरत्या लाइनवर सारखे ऐकू येतात.

बाईंनी गाऊनमध्येच इमारतीच्या व्यवस्थापकांसाठी फोनवर निरोप ठेवला: पत्रपेटीवर आणि घंटेवर नवी पाटी हवी. आडनाव कुलकर्णी. आणि मग एकेक अक्षर सांगायला लागल्या. काउफमानचा क, उलरिखचा उ, लुडविगचा ल, पुन्हा काउफमान, आंटोनचा अ, रिखार्डचा र, नॉर्डपोलचा न, ईडाचा इ. सगळी माणसांची नावं आणि मध्येच उत्तर ध्रुव? मी विचारलं. बाई क्षणभर गप्प झाल्या. "तिथे नाथन होता," म्हणाल्या. फोनवर अक्षरं सांगायच्या या यादीतली ज्यू नावं १९३४ मध्ये नाझींनी काढून टाकली. डेव्हिडच्या जागी डोरा आली, नाथनच्या जागी उत्तर ध्रुव. युद्धानंतर सॅम्युएल परत आला, नाथन आला नाही. २०२२ मध्ये नवी प्रमाण यादी झाली, तीत गावांची नावं आहेत, न ला न्युर्नबर्ग. पण इतकी वर्षं तोंडात बसलेलं कुणाचं सुटतंय? माझ्या आडनावात एक न आहे. दरवेळी फोनवर तो उत्तर ध्रुवाचा होणार.

पाटी यायला दोन आठवडे लागतील, असं कळलं. तोवर बाईंनी पांढऱ्या चिकटपट्टीवर स्वतःच्या टपोऱ्या अक्षरांत नाव लिहून पेटीला लावलं. "नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो," त्या म्हणाल्या. "त्याची चूक नाही."

पाचवा दिवस, बुधवार

नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी. राहायला आल्यापासून १४ दिवसांच्या आत करायची असते. वेळ मिळणं हेच खरं दिव्य. ताईने मला निघायच्या तीन आठवडे आधी ती घ्यायला लावली होती, ते उपकार. पासपोर्ट, घरमालकीणबाईंचं पत्र, एक फॉर्म. दहा मिनिटांत शिक्का मारलेला कागद हातात. फी नाही. करक्रमांक काही आठवड्यांनी येईल. कसा? पोस्टाने.

येताना बसथांब्याशी लालसर फरशांवर उभी राहून कागद न्याहाळत होते. मागून घंटा, मग एक संतप्त वाक्य. त्या फरशा सायकलींच्या.

सहावा दिवस, गुरुवार

ऑफिस पुढच्या सोमवारपासून, म्हणून लायप्झिगर श्ट्रासेवरच्या दळणवळणाच्या संग्रहालयात गेले. १८७२ मध्ये पोस्टाचं संग्रहालय म्हणून ते स्थापन झालं. स्थापन करणारे हाइनरिख फॉन श्टेफान म्हणजे साम्राज्याचे पोस्टप्रमुख. बर्लिनला टेलिफोन आणला त्यांनीच, १८७७ मध्ये, आणि त्याला जर्मन शब्दही दिला: 'फेर्नश्प्रेशर', दूरवर बोलणारा. आपला दूरध्वनी तो हाच. सरकारी कागदांवर तो शब्द शंभर वर्षं टिकला आणि शेवटी लोकांनी हँडीच हातात धरला, हा शेवटही ओळखीचा वाटला.

खालच्या दालनात निळा मॉरिशस हे टपालाचं तिकीट आहे, त्याच्यापाशी गर्दी. मी मात्र हवेच्या नळ्यांपाशी रेंगाळले. १८६५ मध्ये तारघर आणि शेअरबाजार यांच्यात जमिनीखालून नळी टाकली. डबीत चिठ्ठी घालायची, हवेच्या दाबाने ती धावत जायची. १९४० पर्यंत अशा नळ्यांचं जाळं चारशे किलोमीटरचं झालं होतं. पूर्व बर्लिनमध्ये ते १९७६ पर्यंत चाललं. त्याच शहरात १९५२ मध्ये पूर्व-पश्चिमेमधल्या टेलिफोनच्या तारा तोडल्या होत्या, आणि १९७१ मध्ये पुन्हा जोडल्या त्या अवघ्या दहा. रस्त्यापलीकडच्या बहिणीला फोन लागत नव्हता एकोणीस वर्षं. सीमेन्सच्या तारेवरून १८७० मध्ये लंडनहून कलकत्त्याला निरोप पोचायला लागली होती २८ मिनिटं.

पोस्टकार्डाची कल्पनाही श्टेफान यांचीच. १८६५ मध्ये त्यांनी मांडली तेव्हा उघड्यावर मजकूर लिहिणं असभ्य ठरवून ती नाकारली गेली. ऑस्ट्रियाने १८६९ मध्ये आधी कार्ड काढलं. हाती सत्ता येताच १८७० मध्ये श्टेफान यांनी ते आपल्याकडे आणलं, आणि पहिल्याच दिवशी एकट्या बर्लिनमध्ये ४५ हजारांहून जास्त कार्डं खपली.

दुकानातून एक कार्ड घेतलं. ९५ सेंटांचं तिकीट लावलं, माझंच नाव, माझाच पत्ता लिहिला आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीत टाकलं. चिकटपट्टी चालते का, बघायचं होतं.

सातवा दिवस, शुक्रवार

पासचे पैसे वसूल करायला लायप्झिगला. वेगवान गाडीने सव्वा तास; पासवर, विटेनबर्गला गाडी बदलून, त्याच्या दुप्पट. गाडी वेळेवर निघाली, वेळेवर पोचली. ऑफिसात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं ताई म्हणाली. इथल्या रेल्वेच्या हिशेबात सहा मिनिटांच्या आतला उशीर म्हणजे वेळेवरच, आणि रद्द झालेली गाडी उशिरात मोजत नाहीत. तासभर उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के परत मिळतात, दोन तासांवर निम्मे. तो अर्ज कसा भरायचा हे इथला प्रत्येक माणूस झोपेतही सांगू शकतो.

वाटेत नेटवर्क सतत जात होतं. मनोऱ्यांच्या कमतरतेइतकाच खिडक्यांचाही दोष: ऊन आत येऊ नये म्हणून काचेवर धातूचा पातळ थर असतो आणि तो लहरीही अडवतो. नेटवर्क नसलेल्या जागेला फुंकलोख म्हणतात, लहरींचं भोक. शेतं, पवनचक्क्या, भोक, परत शेतं.

लायप्झिगचं स्टेशन १९१५ सालचं आणि प्रचंड आहे. गावापेक्षा मला तेच जास्त आवडलं. तिथेही फाटक नाही.

आठवा दिवस, शनिवार

सकाळी उशिरा उठले. जिन्यात पोस्टमनच्या पावलांचा आणि पेट्यांच्या झाकणांचा आवाज आला, बारा पेट्या, एकामागून एक. कायद्याने पोस्टाला शंभरांतली पंच्याण्णव पत्रं तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचवायची असतात, म्हणजे माझं कार्ड सोमवारपर्यंत आलं तरी चालणार होतं. तरी चपला घालून खाली गेले.

चिकटपट्टीचा एक कोपरा सुटून वर आला होता. आत दोन गोष्टी होत्या. एक पिझ्झाच्या दुकानाची जाहिरात. दुसरं माझं कार्ड. शिक्का बरोबर तिकिटावर बसला होता, आणि माझ्या घाईच्या अक्षरातल्या कुलकर्णीतला न कुणीतरी निळ्या पेनाने पुन्हा ठळक गिरवला होता.

मी कोपरा अंगठ्याने दाबून बसवला. मग वर जाऊन घरमालकीणबाईंकडून आणखी थोडी चिकटपट्टी मागून आणली.